समुद्रातली मोकाट चराई

राळेगणसिद्धीचा दाखला देणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या दुष्काळी गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, श्रमदानाने पाणी अडविले आणि विहिरींना पाणी आले. त्यातून ‘संयम पाळा’ एवढाच बोध काढून तो कोरडवाहू शेतकऱ्याला आणि शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला ऐकविला जातो. गायरानाप्रमाणेच समुद्रही सामाईक संपत्ती आहे. तेथे भांडवलदाराच्या चराईला कोणी बंदी घातली? मुंबईच्या शेवंडाची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते.

मुंबईच्या उथळ समुद्रात मुख्यतः दोन प्रकारचे शेवंड सापडत. एक चिखलाळ व खडकाळ तळाशी राहणारा काटेरी शेवंड. दुसरा वाळूमिश्रित चिखलात अंग पुरून बसणारा चपटा शेवंड. मादी आपली अंडी पोटाखाली चिकटवून वागविते. चपट्या शेवंडाची अंडी काटेरी शेवंडाच्या मानाने फारच थोडी असतात. म्हणून अंडी असलेली एक मादी जाळ्यात गेली की पुढील पिढीचा मोठा वाटा तिच्याबरोबर जातो. तळ खरवडीत जाणारे ट्रॉलरचे जाळे मादी आणि पिल्लू असा भेद करीत नाही.

१९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. क्षेत्र, जाळी व हंगाम यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाच्या हाती आला. तरीही १९९४ पर्यंत मुंबईची चपट्या शेवंडाची मासेमारी पार कोसळली. म्हणजे कायदा जागेवर होता आणि शेवंड संपत होता!

पुढे २००३ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने निर्यातीसाठी किमान वजन ठरविले: काटेरी शेवंडाच्या या जातीसाठी ३०० ग्रॅम, चपट्यासाठी १५० ग्रॅम. परंतु हा निर्बंध निर्यातीच्या मालाला होता. तराजूवर आलेला शेवंड आधीच मेलेला असतो, आणि निर्यातीला अपात्र ठरलेल्या मालाला देशी बाजार मोकळाच राहतो. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारमर्यादा जाहीर केली, हे योग्यच झाले. पण धक्क्यावर तपासणी नसेल तर ती कागदावरच राहील.

कोळीही लहान मासळी मारतात, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. एक जात संपली की ट्रॉलरचा मालक आपले भांडवल दुसऱ्या मासळीकडे किंवा दुसऱ्या धंद्याकडे वळवितो. लहान होडीवाल्या कोळ्याला ती वाट नाही. आज सोडलेला शेवंड उद्या ट्रॉलरच उचलणार असेल, तर त्याने संयम कोणासाठी पाळायचा? संयमाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडणार असताना संयमाचा उपदेश करणे हे निव्वळ पाखंड होय.

शिवाय राळेगणचे पाणलोट शिवारात मावते, समुद्राचे नाही. काटेरी शेवंडाची पानासारखी पारदर्शक पिल्ले कित्येक महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात. एका बंदराने पाळलेली बंदी त्यांना पुरत नाही. साऱ्या किनाऱ्याचा एकच नियम हवा.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अंडी असलेली प्रत्येक मादी जिवंत समुद्रात परत जावी. ससून डॉक व भाऊचा धक्का येथे माल उतरतानाच तपासणी व्हावी आणि तिच्यात मच्छीमार सहकारी संस्थांना अधिकार मिळावा. दंड खलाशाला नव्हे, ट्रॉलरच्या मालकाला व्हावा. किनारपट्टीतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न कोळीवाड्यांतून उभा करावा. चराईबंदी गरिबाच्या शेळीला लागू होते, तर ती श्रीमंताच्या ट्रॉलरलाही लागू झालीच पाहिजे.