चाल तीच, पण नाचतंय कोण?

तर मंडळी, या वीकेंडला एक सोप्पा प्रयोग करा. दोन गाण्यांचे व्हिडिओ पाठोपाठ बघा. 'जत्रा'मधलं (२००६) 'कोंबडी पळाली' आणि 'अग्निपथ'मधलं (२०१२) 'चिकनी चमेली'. दुसरं म्हणजे पहिल्याचंच हिंदी रूप. चाल तीच, संगीतकारही तेच, अजय-अतुल. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड तोच, स्क्रीन तेवढी बदलली.

पण स्क्रीन बदलली की बरंच बदलतं. 'कोंबडी' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत दोघं गातात, आणि पडद्यावर क्रांती रेडकरबरोबर भरत जाधवही तितकाच घाम गाळतो. 'चमेली' एकट्या श्रेया घोषालनं गायलंय आणि कतरिना कैफ नाचते पुरुषांच्या गर्दीत. जोडीदार गेला, गर्दी उरली!

आता 'कोंबडी' काही फार सोवळं गाणं नाही हं. बाईची थट्टा तिथंही आहेच. पण त्या थट्टेत बाप्याही सामील आहे, नुसता बघत बसलेला नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

कारण आमच्या पिशोरला वरातीत अशी गाणी लागली की पोरं बेभान नाचतात, आणि बहिणी-वहिन्या कडेला उभ्या. नाचावंसं त्यांनाही वाटतं हो! पण मधे उतरलं तर लोक कसे बघतील, हे त्यांना ठाऊक असतं. ती नजर व्हिडिओंनी जन्माला घातली नसेल, पण पक्की नक्कीच केली.

गाण्यांवर बंदी वगैरे नको, मीही नाचतोच. पुढच्या वरातीत एवढंच करा: मोबाईलचं शूटिंग बंद, थोडं सरका, आणि बहिणीला जागा द्या.