फुरसतीची उधारी

व्यापारी माणूस उधारीच्या बाबतीत मोठा सावध असतो. कोणाकडे किती थकले आहे, कोणते वसूल होईल आणि कोणते बुडीत खाती जाईल, हे त्याला वही न उघडता सांगता येते. परंतु एक थकबाकी अशी आहे की तिची नोंद तो कोणत्याच वहीत करीत नाही. ही थकबाकी त्याच्या आवडीची, छंदाची. ती तो स्वतःलाच देणे लागतो आणि दरवर्षी स्वतःच मुदत वाढवून घेतो.

हार्डवेअरच्या दुकानदाराला खत्ताती, म्हणजे सुलेखन, शिकायचे असते. बेकरीवाल्याला गच्चीवर गुलाब लावायचे असतात. शिंप्याला पोहायला शिकायचे असते, तर गॅरेजवाल्याला आजोबांचे बंद पडलेले घड्याळ स्वतःच्या हाताने चालू करायचे असते. केव्हा करणार असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे. जरा फुरसत मिळू द्या! कर्ज फिटले की, मुलीचे लग्न उरकले की, मुलगा गल्ल्यावर बसू लागला की.

आमच्या मते ही मुदत बहुधा येतच नाही, आणि आली तरी उशिरा येते. चाळिशीनंतर जवळचे बारीक दिसेनासे होते. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, बोटांची पकड सैल होते. साठीत सुलेखन शिकता येणार नाही असे नाही, पण तिशीतील हात आणि डोळे तेव्हा नसतात. शिवाय ज्याने आयुष्यभर दुकानाखेरीज काही केले नाही, त्याला दुकान सुटल्यावर दिवस खायला उठतो. मग तो मुलाच्या गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसतो आणि बापलेकांत रोज खटके उडतात. अशी घरे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

पूर्वी निदान कायदा तरी सक्तीने विश्रांती देत असे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे आवश्यक केले होते. २०१७ च्या नव्या अधिनियमाने वर्षातील सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराची साप्ताहिक सुट्टी त्यातही कायम आहे. मालकाला मात्र सुट्टी देणारा आता त्याच्यावाचून दुसरा कोणी उरला नाही.

काही जण म्हणतील की छंद ही पोट भरलेल्यांची चैन आहे, व्यापाऱ्याला ती परवडत नाही. आम्हाला हे मान्य नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात सतराव्या शतकात लेव्हेनहूक नावाचा एक कापड व्यापारी होऊन गेला. कापडाचा पोत तपासण्यासाठी भिंग वापरणे हा त्याच्या धंद्याचाच भाग. पुढे स्वतः भिंगे घासण्याचा त्याला नाद लागला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. तरी पाण्याच्या थेंबातील सूक्ष्म जीव त्याने पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहून कळविले. सूक्ष्मजीवशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांत आज या कापडवाल्याचे नाव घेतले जाते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी उभे केले, त्या दिनकर केळकरांचे (१८९६-१९९०) चष्म्याचे दुकान होते. जुने दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती असे घरगुती सामान ते गावोगाव हिंडून जमवीत. हजारोंचा तो संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील बहुतेक वस्तू तांबट, लोहार, सुतार अशा कारागिरांनी घडविलेल्या आहेत. एका दुकानदाराच्या छंदामुळे त्या मोडीत जाण्यापासून वाचल्या.

आणि मालेगाव? यंत्रमागाच्या खडखडाटात राबणाऱ्या या गावातील होतकरू तरुणांनी सन २००० मध्ये 'मालेगाव के शोले' तयार केला. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'मध्ये नायक झाला तो एक यंत्रमाग कामगारच. चित्रपटांविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील. पण पैसा नाही, साधने नाहीत, वेळ नाही, या तिन्ही सबबी त्या पोरांनी खोट्या ठरविल्या हे नाकारता येणार नाही.

अर्थात प्रत्येक छंदातून संग्रहालय उभे राहत नाही. बहुतेकांच्या छंदातून काहीच निघणार नाही, आणि त्यात वाईट काही नाही. यातून मिळणार काय, हा प्रश्न व्यापारी सवयीने विचारतो. पण ज्या दिवशी गच्चीवरचे गुलाब विकायला काढले, त्या दिवशी तो छंद संपला आणि दुसरे दुकान सुरू झाले.

सुरुवात कशी करावी, याविषयी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आठवड्यातील एक तास ठरवा. दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर जाणारा वेळ मोजला तर हा तास सहज सापडेल. दुसरी, आधी सामान खरेदी करू नका. महागडा कॅमेरा घेऊन तो कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. सुलेखनाला बोरूची एक लेखणी, शाई आणि कागद पुरेसा आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, आपला तास दुसऱ्याच्या वेळेतून काढू नका. मालक गुलाबांना पाणी घालतो आणि कारागीर रात्री दहापर्यंत मशीनवर बसतो, हा न्याय नव्हे. कारागिरालाही काही शिकायचे असेल. घरातील स्त्रीला तर कोणत्याच कायद्याने सुट्टी दिलेली नाही. तिच्या मनात काय आहे, हे कधी विचारले आहे काय?

वर्षअखेरीस आपण वह्या मिटवतो, जुनी येणी वसूल करतो. मग स्वतःचेच देणे तेवढे का थकवावे? पूर्ण रक्कम एकदम देता येत नसेल तर व्यापारी हप्ता बांधून देतो. येथेही तसेच करावे. आठवड्याला एक तास हा काही मोठा हप्ता नाही, आणि पहिला हप्ता या आठवड्यातच भरता येण्याजोगा आहे.