बिऱ्हाड कोठे करावे?

जुन्नर-आंबेगावचा तरुण पोटापाण्यासाठी पुण्याकडे निघाला, की त्याचे बिऱ्हाड बहुधा भोसरी किंवा मोशी येथेच पडते. कारण मंचर-नारायणगावाकडे जाणारी एस.टी. त्याच नाशिक रस्त्याने जाते आणि शनिवारी सायंकाळी लेकराला कडेवर घेऊन ती गाठली, की रात्रीच्या भाकरीला आईच्या चुलीपाशी पोहोचता येते. हे कारण क्षुल्लक नव्हे. परंतु १९९७ साली मोशी ज्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाली, त्या शहरात २०१९च्या नोव्हेंबरपासून नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले, हेही ध्यानात असावे. म्हणून नमुना सदनिकेच्या झुळझुळीत पडद्यांना भुलण्यापूर्वी सातबारा, बिगरशेतीचा हुकूम आणि भोगवटा प्रमाणपत्र नजरेखालून घालावे, टाकीत पाणी नळाचे की टँकरचे हे रखवालदाराला पुसावे, आणि बालवाडीपर्यंतचा रस्ता सकाळी आठच्या सुमारास मुलाचे बोट धरून प्रत्यक्ष चालून पाहावा. (प्रस्तुत लेखकास ही अक्कल दस्त नोंदविल्यानंतर आली!) शाळेसाठी रोज महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर भाव कितीही उतरला तरी ते घर घेऊ नये.