शाळेतील मुलांचे आरोग्य : भार एकट्या शिक्षकांवर किती दिवस?



लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या पट्ट्यातील महापालिकेच्या मराठी शाळांत आज जी मुले बसतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेले आहेत. वडील लूम्सच्या खात्यात किंवा डाईंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, आई घरी बसून साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटवते. अशा घरात मुलाला लांबचे नीट दिसत नाही हे कोणाच्या ध्यानात यावे? ते ध्यानात येते वर्गशिक्षकांच्या. फळ्यावरचे उतरवताना एखादे मूल सारखे शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, खेळाच्या तासाला धाप लागून कडेला बसते, दुपारी ताटातले अन्न तसेच ठेवते, नाहीतर कालपर्यंत बडबड करणारी मुलगी अचानक गप्प होते. आपण ज्यांना 'अभ्यासात कच्चे' म्हणून मोकळे होतो, त्यांतले काही चष्म्यावाचून कच्चे असतात, काही अंगात रक्त कमी म्हणून, आणि काही रात्री घरात जे घडते त्यामुळे.

शाळेने मुलाच्या प्रकृतीकडे पाहावे ही गोष्ट आजची नाही. आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली झाली आणि ती झाली बडोदा शहरात, म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. त्याआधी तीन वर्षे, १९०६ मध्ये, त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. आपल्या शेजारचे नवसारी त्याच राज्यात मोडत असे. मूल शाळेत आणायचे तर ते शिकण्याजोगे धडधाकट आहे का हेही पाहायचे, इतका साधा तो हिशेब. मात्र इतरत्र हे लोण फारसे पसरले नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असे नोंदवून ठेवले.

आज योजनांची वाण नाही. गुजरातेत मध्यान्ह भोजन १९८४ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणारी पथके शाळेत येऊ लागली. आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. जंतनाशक गोळीचे दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. २०२० पासून केंद्राच्या आणखी एका कार्यक्रमाखाली प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक महिला, 'आरोग्यदूत' म्हणून तयार करावेत असे ठरले. कागदावर वाईट काहीच नाही. पण हे सगळे करायचे कोणी? वर्ग घेणाऱ्यानेच. गोळ्या मोजणे, उंची-वजन लिहिणे, जेवणाची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे, हे सारे शिकवण्याच्या वर.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. एकाच माणसाकडे रोख, चेक, पासबुक आणि नवी खाती दिली तर संध्याकाळी कॅश जुळत नाही, हे सांगायला आम्हाला मोठा साहेब लागत नाही. शिक्षकांकडे तर यावर मतदार यादीचेही काम असते. २०२५ च्या नोव्हेंबरात यादीचे सखोल पुनरीक्षण गुजरातेत सुरू झाले, तेव्हा बीएलओ म्हणून दारोदार फिरले ते बरेचसे शिक्षकच. असे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवणी नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते.

आता खरे दुखणे. पथक येते, तपासते, आणि ज्याला पुढे दाखवायला हवे त्याच्या हाती चिठ्ठी देते. चिठ्ठी घेऊन स्मीमेरला किंवा नव्या सिव्हिलला जायचे म्हणजे आईबापांपैकी एकाचा खाडा. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय गुजराती केसपेपर, लांबलचक रांग, आणि 'मोठ्या दवाखान्यात पैसे लागतील' ही धास्ती. खरे तर शाळा आरोग्य कार्यक्रमातून आलेल्या मुलाला चष्मा मोफत मिळतो, हृदयाची शस्त्रक्रियाही सरकारी खर्चाने अहमदाबादला होते. पण हे घरी जाऊन सांगणार कोण? चिठ्ठी दप्तरात चुरगळते, आणि पुढच्या वर्षी तेच मूल त्याच तक्रारीसह पुन्हा तपासले जाते. आमच्या पाहण्यातल्या एका बाईंनी अशा तीन मुलांना स्वतःच्या खर्चाने रिक्षात घालून नेत्रतपासणीला नेले. दुसऱ्या एका शाळेतील सेविका मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी कपाटात नॅपकिन ठेवते, आणि मुली शिक्षिकांच्या आधी तिच्याकडे जातात. अशा माणसांचा सत्कार जरूर करावा, पण शाल-श्रीफळ देऊन त्यांच्या अंगावरचा भार उतरत नाही.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण अफवा आपल्याच गल्ल्यांतून उठतात. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, ते घाबरण्याचे कारण नाही. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून ती जेवणानंतर द्यायची. लगेच वर चहा पाजू नये, लोह अंगी लागत नाही. आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी मुलांची सिकलसेल तपासणी एकदा जरूर करून घ्यावी. त्या भागात हा आजार पूर्वापार आहे.

शरीराचे निदान निभते तरी. मनाचे काय? आठवी ते दहावीच्या मुलांचे ओझे वेगळे. परीक्षा, मोबाइल, घरची दारू, कामाला लावण्याचा तगादा, मुलीच्या लग्नाची घाई. शिक्षक ऐकून घेतात, पण ऐकून घेणे आणि उपचार यांत अंतर असते आणि त्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यात आहे. लिंबायतच्या महापालिका शाळांत शंभराचा आकडा गाठणे ही काही अवघड गोष्ट नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीचे अंदाजपत्रक वेगळे मांडले जाते. त्यात समुपदेशकांच्या पगाराची ओळ दिसली पाहिजे, आणि सुमन हायस्कुलांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात. सुरतेत पालिका सात भाषांत शाळा चालवते, हे कौतुकास्पदच. पण मराठी शाळेत येणारा समुपदेशक मराठी जाणणारा हवा, अहिराणी कळणारा असेल तर फारच उत्तम. नऊ वर्षांचे पोर आपले दुःख तिसऱ्या भाषेत सांगत नाही. दुसरे, प्रत्येक शाळासमूहासाठी एक परिचारिका किंवा आरोग्यसेविका नेमावी, जिचे काम चिठ्ठी दवाखान्यापर्यंत पोहोचली का हे पाहणे एवढेच असेल. आपल्या भागातून निवडून गेलेल्या मराठी नगरसेवकांची संख्या कमी नाही. मते मागायला ते आपल्या ओट्यावर येतात, तेव्हा गटार आणि रस्त्याबरोबर हाही प्रश्न त्यांना विचारावा.

आणि आता थोडे आपल्या जुन्या घरांबद्दल, कोणी राग मानू नये. आपल्यातील अनेकजण याच शाळांत शिकले, नोकरीला लागले, घरे बांधली. आपली मुले मात्र इंग्रजी शाळांत गेली आणि पालिकेची शाळा 'त्या लोकांची' झाली. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांच्या ठेवल्या. पण पाळीवर गेलेला पालक दुपारी बैठकीला कसा येणार? त्याला कोणी सोबत करायला हवी. तिथिभोजनाची प्रथा गुजरातेत आहेच. वाढदिवसाला, वडिलांच्या स्मृतिदिनी शाळेत एक वेळचे जेवण अनेक घरे देऊ शकतात. त्याच दिवशी आचार्यांना विचारावे, 'दवाखान्यात न्यायची किती मुले बाकी आहेत?'

मंडळाच्या येत्या मासिक सभेत हा विषय घेतला आहे. आपल्यातील निवृत्त परिचारिका, कंपाउंडर, गुजराती कागदपत्रे सहज भरणारे आणि आठवड्यातून एक सकाळ देऊ शकणारे यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. रिक्षा चालवणाऱ्या बांधवांनीही कोणता दिवस सोयीचा ते कळवावे. तोपर्यंत दोन दूरध्वनी क्रमांक घरोघर भिंतीवर लिहून ठेवावेत : संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत.