लागला एकदांचा!

मुलगा परीक्षा उतरून नोकरीस लागला, देवापुढें पेढे ठेवून झाले, कीं आमच्या घरांतून एक सुस्कारा हमखास ऐकूं येतो: ‘लागला एकदांचा!’ पूर्वीं हा सुस्कारा सरकारी कचेरीच्या किंवा बँकेच्या नांवें निघे. हल्लीं तो हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांच्या नांवें निघतो. ह्या सुस्काऱ्याविषयींच चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आहे.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही सदाशिव पेठेंतील एका स्नेह्यांकडे गेलों होतों. त्यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या कंपनींत लागलेला. त्याच्या पगाराच्या भरंवशावर वाकडला सदनिका घेण्याचें ठरत होतें. कर्जाच्या कागदांवर सही तेवढी राहिली होती. मुलगा रोज सकाळीं डबा घेऊन कंपनीच्या गाडीनें जाई आणि रात्रीं परते. परंतु दोन महिन्यांपासून त्याच्या हातीं कामच नव्हतें. ही गोष्ट त्यानें वडिलांना सांगितली नाहीं. एका रात्रीं आजीला मात्र सांगितली. आठवड्याआड कोणा अशिलाकडील माणसें त्याची मुलाखत घेत व नापसंत करीत. आजीनें विचारलें, “अरे, तुला लागून दोन वर्षें झालीं ना? मग आतां मुलाखत कसली?”

आजीबाईंचा प्रश्न साधा खरा. पण तो प्रत्येक घरानें विचारावा असा आहे. टाटा कन्सल्टन्सी १९६८ सालीं स्थापन झाली. इन्फोसिस सात जणांनीं १९८१ सालीं दहा हजार रुपयांच्या भांडवलावर आपल्या पुण्यांतच सुरू केली व १९८३ सालीं ती बंगलोरास गेली. ह्या कंपन्यांचा मुख्य धंदा माल विकण्याचा नव्हे. दूरदूरच्या बँका, विमा कंपन्या, कारखाने ह्यांना जाणतीं माणसें पुरविण्याचा आहे. लग्नसराईंतील मक्तेदार आचारी पुरवितो, तसाच हा प्रकार. मुहूर्त नसला कीं आचारी बसून असतो. ह्या धंद्यांत त्याला ‘बेंचवर’ असणें म्हणतात. नोकरींत शिरतांना जी मुलाखत होते ती कंपनीची. त्यानंतर नवें काम निघालें कीं अशिलाची. पहिली उतरलों म्हणून दुसरी सुटत नाहीं.

बसून राहण्यासहि आतां मर्यादा आली आहे. जून २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सीनें असा नियम केला कीं, प्रत्येकानें वर्षांत निदान २२५ दिवस अशिलाकडून मोबदला मिळेल असें काम केलें पाहिजे. बेंचवरचे दिवस ३५ हून अधिक होतां कामा नयेत. पुढच्याच महिन्यांत तिनें सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसें कमी करण्याचें जाहीर केलें, आणि तीं मुख्यतः मधल्या व वरच्या पायऱ्यांवरचीं. तेव्हां ‘जुना झाला, आतां चिंता नाहीं’ हा आपला हिशेबहि चुकीचा ठरतो.

मग मुलांनीं ह्या वाटेस जाऊं नये काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. ह्याच कंपन्यांनीं हजारों मध्यम स्थितींतल्या मुलामुलींना वशिल्यावांचून दार उघडलें आहे. मात्र मुलाखतीस जाणाऱ्यानें, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत स्वतःच्या हातून जें झालें तेंच सांगावें. दुसऱ्या प्रश्नालाच उसनें ज्ञान उघडें पडतें. ‘हें मला येत नाहीं’ असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. ‘कोठेंहि जाल का? रात्रपाळी कराल का?’ ह्यांना घाईनें होकार देण्यापूर्वीं घरीं बोलून ठेवावें. आणि उलट आपणहि विचारावें: काम नसतां नियम काय, करारपत्रांत किती वर्षांचें बंधन आहे?

घरच्या वडील मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या पगारावर मोठें कर्ज काढण्यापूर्वीं सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस पडला आहे कीं नाहीं हें पाहावें. ‘कायम झालास का?’ असें विचारण्याऐवजीं ‘सध्यां काय शिकतोस?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मुलगा खोटें बोलायला शिकतो.

आमच्या स्नेह्यांकडे आजीबाईंनीं दुसऱ्या दिवशीं पानावर बसल्यावर सर्वांदेखत नातवाची हकीकत सांगून टाकली. वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “सदनिका कोठें पळून जात नाहीं.” कागद कपाटांत गेले. महिन्याभरानें मुलाला काम मिळालें, तें चेन्नईस. सही झाली असती तर वाकडचा हप्ता आणि चेन्नईचें भाडें हीं दोन्हीं त्या एका पगारांतून भागवावीं लागलीं असतीं. निघतांना त्यानें आजीला नमस्कार केला. ह्या खेपेस ‘लागला एकदांचा’ असें कोणी म्हटलें नाहीं. “कसें चाललें आहे तें कळवीत जा,” असें मात्र सर्वांनीं सांगितलें.