सहाव्या वर्षी येणारी दाढ वाचवू या!

मुलाचा पहिला दात हलायला लागला की घरभर बातमी होते. फोटो निघतात, आजी-आजोबांना फोन जातो. नेमकं त्याच सुमारास तोंडाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात एक मोठी दाढ हिरडी फोडून वर येत असते. तिची दखल कुणीच घेत नाही.

कारण ती कुठल्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे गुपचूप उगवते, म्हणून आपल्याला तीही दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती कायमची असते. वर दोन, खाली दोन अशा या चार दाढा. पुढची साठ-सत्तर वर्षं घास चावायचं काम त्यांनाच करायचं आहे.

आणि त्याच दाढा आपण लहानपणीच गमावतो आहोत. देशात 2002-03 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात 5 वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले, 12 वर्षांच्या मुलांचंही तेच. दाढ ठणकते तेव्हा मूल एका बाजूनं चावतं, रात्री रडतं, वर्गात लक्ष लागत नाही. मग रूट कॅनाल, कॅप आणि घरखर्चाला बसलेली कात्री.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी कीड कशी लागते तेवढं समजून घेऊ या. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दातावरच्या कठीण कवचातला कस काढून घेतं. लाळ तो पुन्हा भरून काढते, पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. मध्येच आणखी काही गोड तोंडात गेलं की लाळेचं काम तिथंच थांबतं.

म्हणूनच गोड किती खाल्लं याइतकंच, किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं. आपल्या मुलांचा दिवस आठवा. सकाळी दुधाबरोबर बिस्किटं, व्हॅनमध्ये गोळी, शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट, संध्याकाळी क्लासला जाताना ज्यूसचं पाकीट. जेवणानंतर एखाद्या रविवारी घेतलेली मस्तानी दाताला जेवढी बाधत नाही, तेवढं हे दिवसभराचं चरणं बाधतं. त्यातून नव्या दाढेच्या खाचा खोल. बिस्किटाचा लगदा त्यात तासन् तास बसून राहतो.

‘दुधाचे तर आहेत, पडणारच की!’ हे वाक्य आता घराघरातून हद्दपार करू या. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात, खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. त्या किडलेल्या असतील तर शेजारी आलेल्या नव्या दाढेलाही धोका वाढतो.

मग करायचं काय? आज रात्रीच मोबाइलचा टॉर्च लावून मुलाच्या तोंडात पाहू या. समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जायचं. सहावा दात दिसला, तर तीच ही दाढ! ती अजून पुरती वर आलेली नसते, म्हणून ब्रश तिच्यावरून नुसता निसटतो. ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश आडवा आत घालून ती वेगळी घासावी लागते.

रात्रीचं ब्रशिंग चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाचे दात आई-बाबा, आजी-आजोबा यांपैकी कुणीतरी घासून द्यावेत. पेस्ट फ्लोराइडची असावी: तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा अंश दातावर राहू द्यायचा. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.

गोड बंद करायला कुणी सांगत नाही. गणपतीतला मोदक जेवणाच्या पानातच खाऊ, वर पाणी पिऊ. मधल्या वेळी पेरूची फोड, काकडी, फुटाणे, शेंगदाणे देऊ. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी पेन्सिल वाटू. शिक्षकांनी एकदा मनावर घेतलं, तर अख्खी शाळा बदलते.

दाढ आली की दंतवैद्याला दाखवू. खोल खाचा बुजवणारा ‘सीलंट’चा लेप काही मिनिटांत लागतो. सुई नाही, ड्रिल नाही. दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर तीच वेळ सावरायची, कारण खड्डा पडण्याआधी कीड परतवता येते. खर्चाची धास्ती वाटत असेल, तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीतलं डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालयं आपल्याच पुणे परिसरात आहेत. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात दातही पाहिले जातात. तिथून आलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका.

आपल्या पुण्यात मंडळांची आरोग्य शिबिरं नवी नाहीत. यंदा प्रत्येक मंडळानं, प्रत्येक सोसायटीनं आपल्या भागातल्या सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी एक दंततपासणी ठेवावी. घरी कामाला येणाऱ्या ताईंची, वॉचमनदादांची मुलंही त्यात हक्कानं यावीत.

पहिलीतल्या एकाही मुलाची कायमची दाढ किडू द्यायची नाही, एवढंच ठरवू या. वस्तीवस्तीत, वाड्यावाड्यात, सोसायटीसोसायटीत हे सांगू या. लागा कामाला!