शब्दांचे कुळगोत : पेन आणि पत्र

आपल्या मुलांची कंपासपेटी उघडून पाहा. पेन आणि पेन्सिल तेथे शेजारी शेजारी पहुडलेली दिसतील. नावांवरून ही सख्खी भावंडे वाटतात. पण शब्दांच्या वंशावळीत त्यांचे काहीच नाते नाही.

लॅटिन भाषेत पिसाला ‘पेन्ना’ म्हणत. युरोपात शेकडो वर्षे हंसाच्या पिसाचे टोक तासून, ते शाईत बुडवून लिहीत असत. म्हणून लेखणीलाच पिसाचे नाव मिळाले. ते टोक तासण्याचा चाकू म्हणजे ‘पेननाइफ’. पिसे गेली, तरी चाकूचे नाव टिकून आहे.

पेन्सिलचे मूळ मात्र ‘पेनिसिल्लस’, म्हणजे छोटेसे शेपूट. त्यावरून चित्रकाराच्या कुंचल्याला ते नाव मिळाले आणि पुढे शिसपेनला. कुंचल्यासारखी दिसणारी बुरशी ती ‘पेनिसिलियम’. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना तिच्यात आढळलेले जंतुनाशक द्रव्य ते पेनिसिलिन.

मऊ पिसाला लॅटिनमध्ये ‘प्लूमा’ हा दुसरा शब्द होता. त्यापासून ‘प्लूम’ म्हणजे तुरा आणि ‘प्लूमेज’ म्हणजे पक्ष्याच्या अंगावरील पिसे, हे शब्द आले. लेखकाच्या टोपणनावालाही इंग्रजीत ‘नॉम द प्लूम’, म्हणजे पिसाचे नाव, असे म्हणतात. नळ दुरुस्त करणारा ‘प्लंबर’ मात्र या कुळातला नव्हे. त्याचे मूळ ‘प्लंबम’, म्हणजे शिसे. कारण पूर्वी नळ शिशाचे असत. कडुनिंबाच्या पानाला वनस्पतिशास्त्रात ‘पिनेट’ म्हणतात, तेही लॅटिन ‘पिन्ना’ म्हणजे पीस या शब्दावरून. आपण त्याला ‘पिच्छाकृती’ म्हणतो, उपमा तीच!

आता खरी नवलाची गोष्ट. ‘पेन्ना’ या शब्दाचा माग काढीत भाषाशास्त्रज्ञ उडणे या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपाशी पोहोचतात. संस्कृतातील ‘पत्’ धातूही तेथूनच आला. त्यापासून ‘पतंग’ झाला आणि ‘पत्र’ही. संस्कृतात पत्र म्हणजे पंख, पीस आणि झाडाचे पानही. पानावर लिहिले जाऊ लागले तेव्हा लिहिलेला मजकूरही पत्र झाला.

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करताना मुले कंटाळतात. त्यांना शब्दांची अशी कुळे दाखवा. एका मुळाशी चार शब्द आपोआप लक्षात राहतील. मात्र केवळ उच्चारसाम्यावर विसंबू नका. व्युत्पत्ती देणारा कोश उघडून खात्री करून घेण्याची सवय त्यांना लावा. शेजारी ठेवलेली पेन आणि पेन्सिल परकी निघतात, आणि दूरदेशीचे पेन आपल्या पत्राचे भाऊबंद निघते!